उजवीकडं कललेली पाणंद

"खाली उतर. उतरून बघ, आणि मग तोंड उघड."

"वरनं दिसतंय मला. पाणंद हाय, पाणंदीत दगड हाय, आणि दगडावर तू बसलायस."

"आणि माझ्या रानात काय हाय ते दिसंना व्हय?"

"ऊस हाय."

"ऊस म्हणतोस त्याला? पिवळा पडलाय. बुडक्यात मुळ्या कुजल्यात. सगळ्या पाणंदीचं पाणी माझ्या बांधावरनं आत शिरतंय, आणि तुझं रान बघ, मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यागत उभं हाय. फळी वाकडी धरतोस तू, बश्या."

"काय म्हणलास?"

"वाकडी. उजवीकडं कलती. हँडलाला दोन पिळं जास्ती देतोस आणि पाणी माझ्या अंगावर घालतोस. दरसाली."

"जोत्या, मला काय बी बोल. माझ्या फळीला वाकडी म्हणू नकोस."

"वाकडी! वाकडी! वाकडी!"

तिसऱ्या 'वाकडी'ला बसवराज हत्तरकीनं ट्रॅक्टर बंद केला. हे त्याच्याकडून सहसा होत नसे. बॅटरी म्हातारी झाली होती, एकदा बंद केला की चालू करायला उतार शोधावा लागे. पण इंजिनावरून ओरडून ओरडून दोघांचेही गळे बसायला आले होते, आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

"मी दगड उचलणार न्हाई," शांत झालेल्या पाणंदीत जोतीराम म्हणाला. आता त्याचा आवाज फारच मोठा वाटला, म्हणून तो जरा खाली आणून पुन्हा म्हणाला, "न्हाई उचलणार. फिरव ट्रॅक्टर."

दोन हजार चार सालचा दसरा होऊन गेला होता. पावसानं उघडीप दिली होती. आठ-पंधरा दिवसांत कारखान्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या गावात उतरणार होत्या. गडहिंग्लजच्या त्या भागात कुणाच्याही रानात उसाची ट्रॉली न्यायची तर पाणंदीनं न्यावी लागते. पाणंद म्हणजे दोन्ही अंगाला रानं आणि मधून एक गाडी जाईल एवढी वाट. ही पाणंद गावाच्या वेशीतून निघून उतरत उतरत ओढ्यापर्यंत जायची. ओढ्याकडं तोंड केलं की डाव्या हाताला बसवराजचं रान, उजव्या हाताला जोतीरामचं. पावसाळ्यात तिच्यात गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पडत. त्या बुजवून पाणंद सपाट केली नाही, तर पहिलीच भरलेली ट्रॉली आडवी व्हायची. म्हणून हंगामाच्या आधी बसवराज ट्रॅक्टरमागं लोखंडी फळी जोडायचा आणि पाणंद ओढून द्यायचा. डिझेल पाणंदीवरच्या सगळ्या घरांनी मिळून घालायचं, काम बसवराजचं. अशी वहिवाटच पडून गेली होती. "पाणंद कुणाची?" असं विचारलं तर सरकारी माणूस म्हणाला असता सरकारची, पण गाव म्हणायचं, बसवराजची.

आणि म्हणूनच 'वाकडी' हा शब्द त्याला आईवरच्या शिवीपेक्षा जास्त लागला.

*

ट्रॅक्टर घरात आला एक्याण्णव साली, तोही जुनाच. बसवराजच्या वडलांनी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतला. कधीकाळी लाल असलेला रंग विटेसारखा झाला होता. बसवराज तेव्हा चोवीस-पंचवीसचा. त्याला बरोबर नेलं होतं ते चालवून आणायला. बसल्यावर उजव्या हाताशी दोन दांडे दिसले.

"हे काय ओ?" त्यानं विचारलं.

"हायड्रोलिकचे दांडे," दलाल म्हणाला. "हा नांगराचा, हा उंचीचा. दोन्ही एकदम हलवू नको."

"हलवले तर?"

"तर मला सांगायला येऊ नको."

एवढंच काय ते शिक्षण. गावात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं नांगरटच केली, त्यामुळं हाताला सवय लागली ती नांगराच्या दांड्याची. या दांड्याचं एक वैशिष्ट्य होतं. जमीन कठीण लागली, नांगर ओढायला जड गेला, की ट्रॅक्टरला ते आपलं आपणच कळायचं आणि तो नांगर जरासा वर उचलायचा. जमीन मऊ लागली की पुन्हा खाली सोडायचा. नांगरणाऱ्याला यापेक्षा काय पाहिजे! बसवराज विडी ओढत, गाणं म्हणत नांगरायचा.

मग एके वर्षी त्यानं सेकंडहँड फळी आणली आणि जोशात येऊन पाणंद ओढली. त्याच दांड्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम ओढ्याकडच्या गोठ्यातून दुधाची किटली सायकलीला अडकवून गावात आला. वेशीत सायकल लावली, किटलीचं टोपण काढून आत बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, "बश्या, झ्याक रस्ता केलास. दूध घिऊन निघालो, लोणी घिऊन पोचलो."

खरोखर पाणंदीवर लाटा उठल्या होत्या. जिथं जमीन कठीण, तिथं फळी आपोआप वर उचलून उंचवटा तसाच सोडून गेली होती, आणि जिथं मऊ, तिथं आणखी रुतून खड्डा करून गेली होती. पुढं वर्षभर गाव बसवराजला 'लोणीवाला' म्हणत होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पानापाशी थांबून विचारायचा, "लोणी वाढू का, का घरचं हाय?"

चन्नम्मा त्याच वर्षी लग्न होऊन संकेश्वराकडून आली होती. तिला मराठी येत होती, पण 'लोणीवाल्याची बायको' म्हणजे काय, हे कळायला तिला महिना लागला. कळल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "एन्री, अहो, मला वाटलं तुमच्यात म्हशी लई असतील."

पुढच्या वर्षी जोतीरामच आपणहून आला. "तू चालव," म्हणाला, "मी फळीमागनं चालतो. चालवणाऱ्याला पाठीमागचं काय दिसतंय?" आणि तो फळीमागून चालू लागला. लेंगा गुडघ्यापर्यंत वर, नजर जमिनीवर.

पन्नास पावलं गेल्यावर तो ओरडला, "थांब! दांडा हलवलास?"

"न्हाई की!"

"मग फळी उचलली कशी? मी बघितलो. आपली आपण उचलली!"

दोघं तिथंच चाकाच्या सावलीत बसले. विडी पेटली. कोडं सुटायला एक विडीही लागली नाही. हा दांडा नांगरासाठीच होता, तो ट्रॅक्टरला अक्कल चालवायला देत होता. सपाटी करायची तर अक्कल माणसानं चालवायला पाहिजे. म्हणून नांगराचा दांडा सारून ठेवायचा आणि उंचीचा दांडा धरायचा. तो सांगेल तिथं फळी राहते, मग जमीन कठीण असो की मऊ.

तरी एक गोम राहिलीच. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर नाक वर करतो आणि मागची फळी खाली रुतते. मागची चाकं चढली की उलटं, फळी हवेत. मग जोतीराम मागून सांगायचा, "वर! ... हां, खाली! ... खाली खाली, लेका, झोपलास काय?" आणि बसवराज दांडा केसभर वर, केसभर खाली. चन्नम्मानं दांड्याच्या पट्टीवर लाल दोरा बांधून दिला होता. चुकल्यासारखं वाटलं की दोऱ्यापाशी यायचं. राहिलं ते उजव्या बाजूचं फिरवायचं हँडल. फळीचं डावं टोक होतं तिथंच राहतं, उजवं टोक या हँडलानं वर-खाली करता येतं. दोन्ही टोकं सारखी टेकली की कोयंडा घालून टाकायचा.

त्या वर्षी पाणंद अशी झाली की म्हातारी माणसं मुद्दाम फिरायला येऊन गेली. 'लोणीवाला' हे नाव हळूहळू गळून गेलं. बसवराजच्या आयुष्यात दुसरं काही मोठं घडलं नाही. दोन पोरं झाली, वडील गेले, एकदा पन्हाळ्याला सहलीला जाऊन आला. पण दसऱ्यानंतरचे दोन-तीन दिवस तो ट्रॅक्टरवर बसला की गाव त्याला वाट द्यायचं.

जोतीराम पाच-सहा वर्षं फळीमागून चालला. मग त्यानं म्हशी वाढवल्या, सकाळ-संध्याकाळ धारा आणि डेअरी, त्याला सवड मिळेना. भांडण वगैरे काही नव्हतं. एका दसऱ्याला तो म्हणाला, "यंदा मला जमायचं न्हाई रं," आणि बसवराज हसून म्हणाला, "नगोच येऊस. मला आता पाठीला डोळं फुटल्यात." जोतीरामही हसला होता.

*

पाणंदीतलं भांडण मिटवायला आकारामआबा आले. पाणंदीवर सगळ्यांत वयस्कर माणूस. कानानं जरा कमी, त्यामुळं दोन्ही बाजूंना सारखाच निवाडा द्यायचे.

"ह्याचं म्हणणं काय?"

"फळी वाकडी म्हणतोय, आबा!"

"फाडली?"

"वाकडी! वा-क-डी!"

"मग त्यात काय. टेकवून बघू की. चला, बसवराजच्या दारात."

सगळे बसवराजच्या दारात आले. वाटेत चार माणसं होती त्यांची दहा झाली. ट्रॅक्टरची शेड घराला लागूनच होती, जोतीराम फळीमागून यायचा थांबला त्याच वर्षी बांधलेली. आत शहाबादी फरशी, गुळगुळीत. ऑइल सांडलं तर पुसता यावं म्हणून बसवराजनं हौसेनं घातलेली. ट्रॅक्टर नाक आत, शेपूट बाहेर असा उभा राहायचा. चाकं फरशीवर आणि फळी बाहेर अंगणावर. इथंच तो दर वर्षी फळी खाली सोडून दोन्ही टोकं टेकवून हँडल ठरवायचा.

आताही त्यानं तसाच ट्रॅक्टर लावला. उंचीचा दांडा हळूहळू खाली आणला. फळी सारवलेल्या अंगणावर अलगद बसली.

"या, जोतीराम पाटील, या," बसवराज खाली उतरून म्हणाला. "डोळं घासून या. उजेड दिसतोय का बघा कुठल्या टोकाला."

जोतीराम ओणवा झाला. मग गुडघ्यावर बसला. मग सरळ गाल अंगणाला टेकवून बघू लागला. कुणीतरी उसाचं पान आणून दिलं. डाव्या टोकाखाली सरकवून बघितलं, गेलं नाही. उजव्या टोकाखाली सरकवलं, गेलं नाही.

"काय म्हणतंय पान?" आबांनी विचारलं.

"जाईना, आबा."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

"मग सरळ हाय की फळी!"

जोतीराम उठला. गालाला शेण लागलं होतं, त्याला ते ठाऊक नव्हतं. "मग माझ्या रानात पाणी येतंय कुठनं? ते काय आभाळातनं येतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आभाळातनंच येतंय की रं पाणी!"

जे हसू फुटलं ते चांगलं वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. आबांना ऐकू आलं नव्हतं, त्यांना कानात सांगितलं, मग ते वेगळे हसले. बसवराजही हसला. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त तोच हसला.

"दगड काढ जोतीबा," आबा डोळे पुसत म्हणाले. "उगं गावाचं काम आडवू नगो. आणि फळीला नावं ठेवू नगो."

जोतीराम वळला. गालावरचं शेण तसंच घेऊन गेला.

*

माणसं पांगली. बसवराजनं कट्ट्यावर बसून हाक मारली, "चन्नम्मा, चहा टाक. झकास टाक."

चन्नम्मा न्हाणीपाशी पितळी घागर घासत होती. तिनं घागर विसळली आणि चिंचेचं पाणी भसकन अंगणात ओतलं. रोज ओतते तसंच. मग ती तशीच ओणवी राहिली. हात घागरीवर, डोळे पाण्यावर.

"एन्री. हिकडं या."

"चहा आण की आधी."

"चहा कुठं पळून जात न्हाई. पाणी पळालंय. या."

तो कुरकुरत आला. पाणी फळीच्या डाव्या टोकापाशी पोचलं होतं. तिथून ते फळीच्या धारेला लागून सरसर उजव्या टोकाकडं गेलं, टोकाला वळसा घातला आणि कोपऱ्यातल्या शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

"मग?" बसवराज म्हणाला. "पाणी शेवग्यालाच जातंय. माझ्या आप्पांनी अंगणाला ढाळच तसा ठेवलाय."

"हौदु, खरं हाय. मी सारवतो न्हवं रोज? माझ्या हाताला ठावं हाय ढाळ. डावीकडनं उजवीकडं. फळी त्या ढाळावर टेकलीय."

"टेकणारच. पान सुदीक जाईना खालनं."

"आणि ट्रॅक्टर कशावर हाय?"

"फरशीवर."

"फरशीला ढाळ हाय?"

बसवराजनं वळून फरशीकडं बघितलं. फरशी त्यानं स्वतः गवंड्याच्या उरावर बसून घालून घेतली होती. तिला ढाळ नव्हता. तो घरात गेला, परात घेऊन आला, तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि फरशीवर मागच्या चाकाशेजारी ठेवली. पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं लागून राहिलं. मग त्यानं तीच परात उचलली, जपून चार पावलं आला आणि फळीशेजारी अंगणावर ठेवली. उजव्या काठावरून पाणी गळायला लागलं. थांबेचना.

चाकं सरळ जमिनीवर, फळी कलत्या जमिनीवर. फळी अंगणाशी सरळ होती आणि ट्रॅक्टरशी वाकडी. शेड बांधल्यापासून दर वर्षी तो मन लावून, पान सरकवून, इथं उभा राहून फळी वाकडी करून घेत होता.

तो तिथंच फरशीच्या काठावर बसला आणि बाकीचं एकेक करून त्याच्या अंगावर आलं. येता-जाता दोन्ही वेळा फळी ओढली असती, तर जाताना उजवी बाजू खोल गेली असती, येताना डावी, आणि पाणंद मधे फुगीर होऊन पाणी दोन्हीकडं वाटून गेलं असतं. पण म्हातारं इंजिन चढाला फळी ओढताना धापा टाकायचं. म्हणून बसवराज ओढ्याकडं उतरताना काम करायचा आणि येताना फळी उचलून रिकामा यायचा. म्हणजे दर खेपेला खोल गेली ती एकच बाजू, जोतीरामची. आणि एकदा पाणंद कलली की पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच कलून उभा राहणार, त्यावर फळीचा कल आणखी वेगळा. इवलं इवलं करत वाढत गेलेला.

सगळ्यांत वाईट आठवलं ते पोत्याचं. दोन वर्षांपूर्वी पाणंद ओढताना आपण उजवीकडं घसरतोय असं त्याला वाटलं होतं. सीटची स्प्रिंग गेली असं समजून त्यानं गोणपाटाची घडी करून उजव्या कुल्ल्याखाली घातली होती. ती अजून होती तिथं. पाणंद वाकडी झाल्याचं त्याला बसल्या जागी कळलं होतं, आणि त्यानं स्वतःला सरळ करून घेतलं होतं.

"चन्नम्मा," तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."

तिनं परात उचलून उरलेलं पाणी शेवग्याला ओतलं.

"उद्या हँडल फिरवून फळी बरोबर करतो. डावी बाजू खरवडून माती उजवीकडं टाकतो. येताना पण ओढतो, जळू दे डिझेल. मग पाणी जायचं न्हाई त्याच्या रानात. झालं की?"

"आणि जोतीभावजी?"

"त्याला पाणी थांबल्याशी मतलब."

"त्यांच्या गालाला शेण होतं," चन्नम्मा म्हणाली. "मी सारवलेलं."

"सुम्म बस गं, गप ऱ्हा."

"सुम्मच हाय. चहा टाकतो."

चहा आला. झकास नव्हता.

*

संध्याकाळी तो पानपट्टीवर गेला तेव्हा तिथं एक पोरगं दुसऱ्याला विचारत होतं, "आभाळ्या कुठं हाय रं आज?"

"कोण आभाळ्या?"

"जोतीराम! त्याच्या रानात आभाळातनं पाणी येतंय न्हवं!"

सगळे खिदळले. सवयीनं बसवराजच्याही तोंडावर हसू आलं आणि ओठातच अडकलं. अर्ध्या दिवसात नाव पडलं होतं. गावात पडलेलं नाव कसं चिकटतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? 'लोणीवाला' लग्नाच्या पंगतींपर्यंत त्याच्यामागं आलं होतं. आणि ते गेलं होतं ते कुणी माफ केलं म्हणून नाही. एक माणूस लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून फळीमागून चालला होता, म्हणून.

तो पान न घेताच परत आला. जेवल्यावर हात धुताना म्हणाला, "सकाळचं दूध मी नेतो डेअरीत."

"तुम्ही?"

"का, मला काय किटली उचलत न्हाई?"

चन्नम्मानं त्याच्याकडं बघितलं आणि टॉवेल पुढं केला. "परात पण नेणार काय?"

"परात कशाला?"

"लोकांना पटायला पाहिजे न्हवं. त्यांनी पान बघितलंय."

*

डेअरीत सकाळची गर्दी होती. सेक्रेटरी पिराजी एकेकाचं दूध मापून, नमुन्याची बाटली भरून, मशीनवर फॅट लावत होता. आकारामआबा बाकावर बसले होते. त्यांचं दूध नसायचं, ते बातम्यांसाठी यायचे. रांगेत तिसरा जोतीराम होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण त्याच्या पाठीमागं दोघं कोपरानं एकमेकांना ढोसत होते.

बसवराज एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात परात घेऊन आत आला.

"काय ओ मालक," पिराजी म्हणाला, "दूध परातीत घालणार काय आज?"

"थांब जरा, पिराजी. मशीन थांबव."

"मशीन कशाला थांबवू? माणसं खोळंबल्यात."

"मग चालू दे. मी मोठ्यानं बोलतो." आणि तो खरंच मोठ्यानं बोलला, आबांनाही पहिल्या फटक्यात ऐकू जाईल असा. "काल माझ्या दारात जे बघितलंत ते खोटं होतं. फळी अंगणाशी सरळ होती. ट्रॅक्टराशी वाकडी होती. माझ्या अंगणाला ढाळ हाय, शेडातल्या फरशीला न्हाई. ज्याला बघायचं असंल त्यानं परात घिऊन या, पाणी माझ्या घरचं."

"म्हंजे?" पिराजीचा हात बाटलीवरच थांबला.

"म्हंजे जोतीराम खरं बोलत होता. इतकी वर्षं पाणंदीचं पाणी त्याच्या रानात मी घालत होतो."

"मुद्दाम?" आबांनी विचारलं.

"मुद्दाम न्हाई, आबा. न बघता."

रांगेतलं कुणीतरी हसायला गेलं. हसू कुणाला द्यावं हे त्यालाच कळेना, म्हणून खोकला.

"आणि आजपासनं," बसवराज म्हणाला, "त्याला कोण आभाळ्या म्हणलं, तर त्यानं मला लोणीवाला म्हणावं आधी. तोंडावर."

"लोणीवाला?" एका तरुण पोरानं विचारलं. "त्ये काय असतंय?"

"तुझ्या बाला विचार."

एवढं बोलून संपलं होतं. पण बसवराज हलला नाही. मोठ्यानं बोलायचं होतं ते झालं होतं, आता राहिलं होतं ते हळू बोलायचं. तो जोतीरामजवळ गेला. जोतीरामचं दूध मापून झालं होतं, तो किटली उलटी करून शेवटचे थेंब झाडत होता. वर बघत नव्हता.

"जोत्या, आज पाणंद ओढतोय. आज कलती पाणंद सरळ करायची हाय. ट्रॅक्टरच कलून उभा राहणार, वर बसून मला सरळ काय आणि वाकडं काय, कायसुदीक कळायचं न्हाई. पोतं काढून टाकलंय मी सीटवरचं, तरी न्हाई कळायचं." तो जरा थांबला. "पाठीला डोळं न्हाईत मला. नव्हतंच कधी. फळीमागनं चालायला येतोस का?"

पिराजीनं मशीन चालू असूनही बाटली लावली नव्हती. आबा कानामागं हात धरून बसले होते.

जोतीरामनं किटली सरळ केली. तिचं टोपण अंगठ्यानं दाबून बसवलं, ते एकदा निसटलं, पुन्हा बसवलं. पिराजीच्या हातातून पावती घेतली, बघितली नाही, खिशात घातली. मग रांगेतल्या माणसांना खांद्यानं बाजूला सारत, बसवराजच्या हातातल्या परातीला धक्का लागणार नाही इतकं अंग चोरून, तो दारातून बाहेर पडला आणि पायरीवर वाकून लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडू लागला.